भोपळ्यातली पृथ्वी

मुकुंदराव कंधारकर कुणाच्याही घरी गेले की आधी उत्तर शोधत. पाणी पिणं, ख्यालीखुशाली विचारणं हे सगळं मागाहून. खिशातून पितळी डबी निघायची, तिच्यातली सुई तळहातावर डोलून थांबायची आणि मुकुंदराव मान हलवून म्हणायचे, "बरोबर आहे." जणू काल रात्रीत उत्तर दिशा कुठे सरकून गेली असती आणि तिला जागेवर ठेवण्याची जबाबदारी सरकारने यांच्यावर टाकली होती! गौलीगुड्यातल्या लोकांना ही खोड ठाऊक होती आणि ते तिचा उपयोगही करून घेत. घरात नवी खाट आली की निजताना डोकं उत्तरेला येऊ नये म्हणून मुकुंदरावांना बोलावणं जायचं. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याने दुकान बदललं तेव्हा नमाजाची चटई कुणीकडे तोंड करून अंथरायची हेही तो यांनाच विचारून गेला. दोन्ही कामं मुकुंदराव सारख्याच गांभीर्याने करत, आणि चहाही दोन्हीकडे घेत.

नामपल्लीजवळच्या एका सरकारी हायस्कुलात ते शास्त्र शिकवत. घराणं मूळचं कंधारकडचं, पण आजोबांपासून हैदराबादेत आणि सरकारी नोकरीत. अशा घरांत त्या काळी एक गंमत असे. पुरुषांचं सगळं शिक्षण उर्दूत व्हायचं. शाळा उर्दू, कॉलेज उर्दू, कचेरी उर्दू, आणि मराठी म्हणजे जेवताना बोलायची भाषा. बायकांच्या वाट्याला शाळा फारशी आली नव्हती, पण पोथ्या आल्या होत्या, व्रतांच्या कहाण्या आल्या होत्या. त्यामुळे घरात मराठी लिहिता-वाचता येणारं माणूस शोधायचं तर स्वयंपाकघरात जावं लागे. मुकुंदरावांकडे ते माणूस म्हणजे त्यांची बायको भामा. सासरी आली तेव्हापासून गावाकडची पत्रं तीच वाचून दाखवायची आणि उत्तरंही तीच लिहायची. मुकुंदरावांना अक्षरं येत नव्हती असं नाही. पण एकेक अक्षर लावत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून जायची.

उर्दूत मात्र या माणसाला ऐकावं! 'मकनातीस' हा शब्द ते असा उच्चारत की लोहचुंबकालाही आपण कुणी खानदानी असल्यासारखं वाटावं. पृथ्वीच्या चुंबकत्वावरचा त्यांचा पाठ शाळेत गाजलेला होता. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तडकलेला म्हणून टाकून दिलेला, सतारीचा मोठा सुकलेला भोपळा त्यांनी फार वर्षांपूर्वी उचलून आणला होता. तो मधोमध कापून त्याचे दोन भाग केले. आतल्या बाजूला पुठ्ठ्याची चकती बसवून चित्रकलेच्या हबीबसाहेबांनी तिच्यावर पृथ्वीचे थर रंगवून दिले. बाहेर पातळ तपकिरी साल, ती आपली जमीन. तिच्या आत जाडजूड नारिंगी थर, तो तापलेल्या खडकाचा. आणि मध्यभागी पिवळा धमक गोळा, तो वितळलेल्या लोखंडाचा. त्या पिवळ्या गोळ्यात खाच पाडून मुकुंदराव लोहचुंबकाची एक कांडी बसवत, भोपळा बंद करत आणि त्याच्या पाठीवरून होकायंत्र फिरवत. भोपळ्याच्या पोटाशी सुई आडवी राहायची, देठाकडे नेली की वळायची, थरथरायची, खाली वाकायची. "पृथ्वीच्या पोटात अशीच कांडी आहे असं समजा," मुकुंदराव उर्दूत सांगत, आणि मुलं समजत.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, आणि इतरांसारखाच मुकुंदरावांनाही आनंद झाला. रझाकारांच्या धास्तीत काढलेल्या दिवसांनंतर तो कुणाला झाला नसता? पण त्या आनंदात एक ओरखडाही होता. हबीबसाहेब बिऱ्हाड आवरून कराचीला निघून गेले. जाताना त्यांनी भोपळ्यावरचे उडालेले रंग पुन्हा भरून दिले आणि म्हणाले, "जमीन सांभाळा, मुकुंदराव."

पुढच्या वर्षी शाळेत मराठी वर्ग निघाले आणि उर्दू वर्ग आटत चालले. वरच्या वर्गांना शास्त्र आता मराठीत शिकवायचं होतं. ज्या शिक्षकांना ते जमेल त्यांनी राहावं, ज्यांना जमणार नाही त्यांना दफ्तरात टेबल मिळेल, असं ठरलं. कुणाला जमतं ते पाहायला पुण्याकडचे एक तपासनीस येणार होते, केशवराव म्हणून. प्रत्येकाने त्यांच्यासमोर एक नमुना पाठ द्यायचा. दफ्तरातल्या टेबलाला पगार तेवढाच होता, काम कमी होतं, पंखाही होता. मुकुंदरावांना त्या टेबलाच्या विचारानेच जेवण जाईना. शिकवणं गेलं तर आपल्याजवळ उरतं काय, हे त्यांनी मनातल्या मनात मोजून पाहिलं आणि पितळी डबीपलीकडे काही सापडलं नाही.

"मग त्यात काय एवढं?" भामा म्हणाली. "मराठीच तर हाय. मी शिकवते."

आणि रोज संध्याकाळी गौलीगुड्याच्या त्या घरात शाळा भरू लागली. विद्यार्थिनी चुलीपुढे, मास्तर दाराच्या चौकटीशी. खरं तर मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण हे सांगणं कठीण होतं. मुकुंदरावांनी पुण्याहून मागवलेलं शास्त्राचं पुस्तक उघडून वाचायचं, ते अडखळले की भामाने न वळता शब्द पुरा करायचा, आणि शब्द फारच संस्कृत निघाला तर दोघांनीही त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायचं. वाचून झालं की मुकुंदराव पुस्तक मिटून तोच पाठ आपल्या शब्दांत म्हणत. आपले शब्द म्हणजे निम्मे उर्दू.

"कुतुबनुमाची सुई..."

"होकायंत्राची," भामा म्हणायची, आणि भाकरी उलटायची.

पहिल्या आठवड्यात आठवीचा पाठ झाला. लोहचुंबक म्हणजे काय, तो लोखंडाला कसा ओढतो, आणि लालबुंद तापवला की त्याची ओढ कशी निघून जाते. मुकुंदरावांनी चुलीतल्या निखाऱ्यांत एक खिळा फुंकून फुंकून लाल केला आणि दाखवलं. गार खिळा लोहचुंबकाला झटकन चिकटायचा, लाल खिळा ढुंकून बघत नव्हता. भामाला ते फार आवडलं. "रुसला जणू," ती म्हणाली.

मग दहावीचा पाठ आला, भोपळ्याचा. तो भोपळा मुकुंदरावांनी खास रिक्षातून घरी आणला होता. साल, खडक, लोखंड असं सगळं सांगून झालं, कांडी बसवली, भोपळा बंद केला, सुई फिरवली. भामा हातातलं पीठ झटकत जवळ आली आणि वाकून बघत राहिली.

"हे मधलं पिवळं म्हणजे वितळलेलं लोखंड?"

"हो."

"लई तापलेलं असंल मग?"

"अगं, तापलेलं म्हणजे! विचारू नकोस."

"मग ते लोहचुंबक कसं?" भामाने विचारलं. "परवा तर तुम्ही म्हणालात, तापलं की ओढ जाते. मला दाखवलंत की चुलीपाशी. दोन्ही कसं खरं?"

मुकुंदरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे या जागी उर्दूत एक मोठा थोरला शब्द होता, 'अर्ज़ी मकनातीसियत'. एवढ्या वर्षांत कुणी इथवर येऊन पोचलंच तर ते तो शब्द उच्चारत आणि पुढे जात. तसं इथवर कुणी फारसं पोचतही नसे, कारण खिळ्याचा पाठ आठवीत आणि भोपळ्याचा दहावीत. मधल्या काळात मुलं खिळा विसरून जात. भामाला मात्र दोन्ही एकाच चुलीपुढे शिकायला मिळाले होते. मुकुंदरावांनी तो शब्द उच्चारला.

"म्हंजे काय?" भामा म्हणाली.

"म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व."

"ते हाय हे कळलं. तापलेल्या लोखंडात कसं हाय ते विचारायले मी." आणि तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या बघण्यात टोचणं नव्हतं, नुसती उत्सुकता होती. "तुम्हाला तरी उमजलंय का?"

मुकुंदराव रागावले. खरा राग आपलाच होता, पण तो भाकरीवर निघाला. भाकरी कडक झाली आहे म्हणाले आणि उठले. भामाने भाकरी चाचपून पाहिली, ती मऊ होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते आपल्या कॉलेजातल्या जुन्या प्रोफेसरांकडे गेले. प्रोफेसर हसले. "कांडीबिंडी काही नाही तिथे, मुकुंदराव. एवढ्या उष्णतेत कांडी टिकेलच कशी? वितळलेलं लोखंड आत सतत वाहतं, आणि त्या वाहण्यातूनच हे चुंबकत्व तयार होत असावं, असं काही जण मांडतायत. पण पुरतं कुणालाच ठाऊक नाही अजून. तुम्हाला अचानक कुणी विचारलं?" मुकुंदराव म्हणाले, "एका विद्यार्थ्याने." हे खोटं नव्हतं, तरी घरी येईपर्यंत त्यांना ते खटकत राहिलं.

भामाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. नमुना पाठ तोंडावर आला होता. कांडीचा पाठ हा त्यांचा एकमेव हुकमी पाठ. त्यातून कांडीच काढली तर हातात राहणार रिकामा भोपळा. नोकरी पक्की होऊ दे, मग बघू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. माणूस असंच बजावतो. यात मुकुंदराव इतरांपेक्षा वाईट होते असं नाही.

पाठाच्या दिवशी भामाने त्यांना धुतलेला कोट दिला, आणि होकायंत्र भोपळ्याच्या पाठीवरून घसरू नये म्हणून कणकेची एक गोळी ओल्या फडक्यात बांधून दिली. "घाबरू नका," ती म्हणाली. "माझ्याशी बोलता तसं बोला." प्रश्नाचा विषय तिने काढला नाही, आणि तेच मुकुंदरावांना जड गेलं.

वर्गात केशवराव मागच्या बाकावर बसले होते. पांढरी टोपी, सोनेरी काडीचा चष्मा, मांडीवर कागद. मुकुंदरावांनी पुस्तकातली वाक्यं घोकली होती, ती घडाघड म्हणायला सुरुवात केली. "विद्यार्थ्यांनो, आपण ज्या भूगोलावर वास करतो त्याचे अंतरंग..." समोरची मुलं गौलीगुडा, नल्लकुंट्याकडची. घरी मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू. ती असल्या मराठीकडे तोंडं उघडी टाकून बघत राहिली. मुकुंदराव घाईने फळ्याकडे वळले, खडू घेतला आणि सगळ्या आयुष्याच्या सवयीने फळ्याच्या उजव्या कडेशी गेले. तिथे त्यांनी ठसठशीत 'पृ' काढला. पुढचं अक्षर काढायला हात उचलला तर पुढे फळाच नव्हता, चुन्याची भिंत होती.

हात हवेत तसाच राहिला. उर्दू लिहिणाऱ्या माणसाला सगळा फळा मोकळा होता. मराठी लिहिणाऱ्याला एक वीतभरही उरला नव्हता.

"मास्टरसाब, बोर्ड खतम!" पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खदखदून हसला. केशवरावांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुकुंदरावांचे कान तापले. घोकलेली सगळी वाक्यं एका झटक्यात डोक्यातून उडून गेली, दफ्तरातलं ते टेबल डोळ्यांपुढे आलं, आणि हात आपोआप भोपळ्यावर गेला. भोपळ्याचा स्पर्श झाल्यावर त्यांना चुलीपुढची ती वाकलेली मान आठवली.

"हे बघा," ते म्हणाले, आणि आवाज एकदम घरचा झाला. "ही आपली जमीन. भाकरीवर पापुद्रा येतो ना, तेवढी पातळ. हिच्यावर आपण, आपलं नामपल्ली, चारमिनार, सगळं. आणि हिच्या आत हे एवढं तापलेलं."

आता मुलं पुढे सरकली. मुकुंदराव बोलत सुटले. मध्येच मकनातीस आला, कुतुबनुमा आला, एकदा 'हो'च्या जागी 'हौ' सुद्धा आलं, पण कुणी अडलं नाही. त्यांनी कांडी बसवली, भोपळा बंद करून टेबलावर आडवा ठेवला, देठ पूर्वेला, दाराकडे. कणकेच्या गोळीवर होकायंत्र चिकटवलं. सुई वळली आणि देठाकडे बोट दाखवून थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर केशवरावांनी मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं.

पाठ संपला होता. घंटा व्हायला अवकाश होता, पण 'बसा' म्हणून मोकळं व्हायला काहीच हरकत नव्हती. मुकुंदरावांनी ते टोपण पाहिलं. नोकरी राहिली, हे त्यांना कळलं. आणि कळता कळताच भामाचं वाक्य कानात आलं, 'तुम्हाला तरी उमजलंय का?' ती आज संध्याकाळी विचारणार नाही, उद्याही विचारणार नाही. पण पाठ कसा झाला म्हणून ती ऐकायला बसेल, आणि आपण तिला हाच पाठ सांगू, कांडीसकट. ते त्यांना सोसेना.

"थांबा," ते म्हणाले. "यातलं एक खरं नाही."

केशवरावांनी मान वर केली.

"आठवीत तुम्ही खिळा तापवून बघितलात. लाल झाला की लोहचुंबकाची ओढ जाते. मग पृथ्वीच्या पोटात एवढं तापलेलं लोखंड, तिथे ही कांडी कशी टिकेल? नाही टिकणार. कांडी तिथे नाही. मी घालतो म्हणून आहे." त्यांनी भोपळा अलगद उघडला, कांडी काढली आणि पुढच्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिली. "लांब ने. शेवटच्या बाकावर, साहेबांजवळ." भोपळा पुन्हा बंद केला, होकायंत्र नीट बसवलं. "मग चुंबकत्व येतं कुठून? आतलं लोखंड वाहतं, त्या वाहण्यातून येत असावं, असं काही जण म्हणतात. नक्की कुणाला माहीत नाही. मला तर नाहीच नाही. तुमच्यातल्या कुणाला पुढे कळलं, तर मला सांगायला या."

पुढच्या बाकांवरची मुलं उठून उभी राहिली. आणि भोपळ्याच्या पाठीवरची सुई देठ सोडून निघाली. डगमगली, पुढे गेली, मागे आली, आणि खिडकीकडे बोट दाखवून थांबली.

"मास्टरसाब," एक मुलगी म्हणाली, "तिकडं हुसेनसागर हाय."

"हौ," मुकुंदराव म्हणाले. "तिकडं उत्तर आहे. ही खरी."

घंटा झाली, मुलं गेली. केशवराव कांडी हातात घेऊन पुढे आले. "तुमचा पाठ झाला होता, कंधारकर. मी लिहिणं थांबवलं होतं."

"हो. पाहिलं मी."

"मग हे कशाला काढलंत?"

"घरून विचारलं होतं," मुकुंदराव म्हणाले. "उत्तर द्यायचं राहिलं होतं."

केशवरावांनी त्या भोपळ्यावर बोट वाजवून पाहिलं. "भाषा फार कच्ची आहे तुमची," ते म्हणाले. "तशी मी लिहिणार आहे. आणि फळ्यावर डावीकडून लिहायची सवय करा." मग त्यांनी कांडी टेबलावर ठेवली. "पुढच्या वर्षी पुन्हा येईन बघायला. तोवर दहावी तुमच्याकडेच."

घरी येऊन मुकुंदरावांनी हे सगळं सांगितलं. फळ्याची फजिती सांगितली तेव्हा भामा पदर तोंडाला लावून हसली. कांडी काढल्याचं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. "वर्गात सांगितलंत? त्या साहेबांपुढं? ठाऊक न्हाई म्हणून?"

"हो. आणि भाकरी मऊ होती त्या दिवशी."

"ते मला ठाऊक होतं," भामा म्हणाली.

रविवारी ते तिला घेऊन शाळेत गेले. शिपायाकडून वर्ग उघडून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याची शाळा भामाने आतून कधी पाहिली नव्हती. पहिल्या बाकावर ती संकोचून बसली, आधी कडेला, मग कुणी नाही असं बघून मधोमध. मुकुंदराव फळ्यापाशी गेले, उजवीकडे वळलेला पाय मागे घेतला, आणि डाव्या कडेपासून सावकाश लिहिलं, 'पृथ्वी'. मग भोपळा उघडून त्यांनी तिला सगळा पाठ सांगितला. साल, खडक, वाहतं लोखंड. कांडी या वेळी बसवलीच नाही. ती आता घरी भामाच्या शिवणाच्या डब्यात होती, गोधडीत हरवलेल्या सुया शोधायला. होकायंत्र नुसतंच ठेवलं, आणि सुई खिडकीकडे वळली.

भामा बराच वेळ त्या सुईकडे बघत होती. डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत.

"काय झालं?" मुकुंदरावांनी घाबरून विचारलं.

"काही न्हाई. इतकी वर्षं तुम्ही रोज घरातून निघायचात, अन मला वाटायचं, काय की लई मोठं शिकवत असतील उर्दूत, आपल्याला कळायचं न्हाई." तिने पदराने डोळे पुसले. "मला कळतंय की हे."

मुकुंदराव खडू हातात धरून उभे राहिले.

"नुसतं उभं काय राहायचं आता," भामा म्हणाली, आणि बाकावर नीट सरसावून बसली. "सांगा पहिल्यापासून. आठवीपासून."